चर्चच्या गटात आपण कशाला?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात, वॉटरलूजवळ राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे दीर्घ पत्र आले आहे. त्यांच्या शेजारणीचे चर्च मेनोनाइट, म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्या एका पंथाचे आहे. ते एका निर्वासित अफगाण कुटुंबाला स्पॉन्सर करत आहे, म्हणजे त्याला कॅनडात आणून सुरुवातीच्या काळात त्याचा भार उचलणार आहे. नवरा, बायको आणि तीन मुले असे हे कुटुंब अनेक वर्षे आधी पेशावरला आणि मग इस्लामाबादला राहिले असल्यामुळे उर्दू चांगली बोलते. चर्चच्या गटात मात्र इंग्रजीखेरीज कोणाला काही येत नाही. म्हणून शेजारणीने या भगिनींना गटात येण्याची विनंती केली आहे : दरमहा काही पैसे द्यावेत, हमीपत्रावर सही करावी आणि त्या घरातल्या बाईशी संपर्क ठेवावा. पतींचे म्हणणे असे, की गावाकडे बहिणीच्या मुलांच्या फीसाठी आपण पैसे पाठवतो, इथे घराचा हप्ता आहे, मग परक्यांसाठी ही उठाठेव कशाला. महाराष्ट्र मंडळातल्या परिचितांनी दोन आक्षेप घेतले : चर्चवाले मदतीच्या आडून धर्मांतर करतात, आणि मदत करायचीच तर अफगाणिस्तानातल्या हिंदू-शिखांना करा. सोबत राहणाऱ्या, मूळच्या कोल्हापूरच्या सासूबाईंना परक्या धर्माच्या लोकांचे घरी येणेजाणे वाढेल याची काळजी वाटते. पत्राच्या शेवटी भगिनी विचारतात, "मला मनापासून जावेसे वाटते, पण सही करू का? आणि ते कुटुंब इथे उभे राहिले नाही तर तो दोष माझा धरायचा का?"

उत्तर :

तुमच्या पत्राची तीन पाने धर्माच्या प्रश्नावर आहेत आणि सहीबद्दल शेवटी जेमतेम दोन ओळी आहेत. मला हे प्रमाण उलटे असायला हवे होते असे वाटते. धर्माचा प्रश्न तुम्ही समजता तेवढा अवघड नाही, आणि सहीचा प्रश्न तुम्ही समजता तेवढा सोपा नाही. तरीही तुमचे मन ज्यात अडकले आहे तिथूनच सुरुवात करू.

चर्चच्या गटात जाणे म्हणजे चर्चमध्ये जाणे, असे तुम्ही आणि तुमचे परिचित दोघेही गृहीत धरून चालला आहात. कॅनडात ही व्यवस्था मुळात कायद्याची आहे. 1976 च्या इमिग्रेशन कायद्याने सामान्य नागरिकांच्या गटांना निर्वासितांची जबाबदारी घेण्याची सोय केली, आणि 5 मार्च 1979 रोजी मेनोनाइट सेंट्रल कमिटी या संस्थेने सरकारशी पहिला करार केला. व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियातून समुद्रमार्गे व जंगलवाटांनी निघालेली माणसे तेव्हा छावण्यांमध्ये अडकली होती. 1979-80 या दोन वर्षांत कॅनडाने त्यांपैकी सुमारे 60,000 लोकांना आणले आणि त्यातल्या निम्म्याहून अधिकांचा भार अशा गटांनी उचलला. 1986 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संघटनेचे नान्सेन पदक कॅनडाच्या समस्त जनतेला मिळाले, ते मुख्यतः या कामासाठी. तेव्हापासून आजवर तीन लाखांहून अधिक लोक या मार्गाने आले आहेत. सरकारशी कायम करार असलेल्या शंभराहून अधिक संस्थांमध्ये बहुसंख्य धार्मिक आहेत हे खरे. पण त्यांत कॅथलिक आहेत, अँग्लिकन आहेत, ज्यू आहेत, मुस्लिमही आहेत. यामागे एक अगदी व्यावहारिक कारण मला दिसते. ज्या समुदायाची माणसे दर आठवड्याला एकमेकांना भेटतात, ज्यांच्याकडे हॉल आहे, हिशेब ठेवणारा खजिनदार आहे आणि कोणाची व्हॅन कधी मोकळी असते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनाच वर्षभर चालणारे असे किचकट काम झेपते. दिवाळी आणि पुढचा गणपती यांच्यामधले नऊ-दहा महिने आपली मंडळे कुठे असतात, हे तुमच्या परिचितांनी स्वतःला विचारायला हरकत नाही.

शिवाय मेनोनाइटांचा आणि तुमच्या गावाचा संबंध आणखी जुना आहे. रशियातल्या क्रांतीनंतर दुष्काळ आणि छळ यांतून सुटून निघालेल्या मेनोनाइटांपैकी साडेआठशेच्या आसपास लोक जुलै 1924 मध्ये आगगाडीने वॉटरलूला उतरले आणि आसपासच्या शेतकरी कुटुंबांनी त्यांना आपापल्या घरी नेले. पाहुणे आणि यजमान एकाच पंथाचे, पण चालीरीती वेगळ्या, आणि कुरबुरीही झाल्या. 1923 पासून आलेल्या अशा सुमारे वीस हजार लोकांच्या प्रवासाचे भाडे कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने उधारीवर दिले होते आणि ती उधारी पूर्ण फिटायला 1946 साल उजाडले. तुमच्या शेजारणीच्या घराण्यात ही गोष्ट ऐकलेली असण्याचा संभव मोठा आहे. कधीतरी विचारून पाहा. हे लोक हे काम का करतात याचे उत्तर त्यात बरेचसे मिळेल.

आता धर्मांतर. नियम स्पष्ट आहे : स्पॉन्सर केलेले कुटुंब कॅनडात कायमचे रहिवासी म्हणून उतरते, आणि प्रार्थनेला येण्याची किंवा न येण्याची कोणतीही अट गटाला घालता येत नाही. पण नियम आहे म्हणून शंका संपली, असे मी म्हणणार नाही. ज्याने घर दिले, मुलांना शाळेत घातले, बर्फात गाडीतून दवाखान्यात नेले, त्याने रविवारी "या ना एकदा" म्हटले तर नाही म्हणणे जड जाते. तुमच्याच शेजारच्या किचनरमध्ये ह्मोंग लोकांचे मेनोनाइट चर्च आहे. लाओसमधून आलेल्या त्या पिढीतले किती जण खऱ्या श्रद्धेने त्या वाटेने गेले आणि किती जण भिडेखातर, हे बाहेरच्या माणसाने ठरवू नये; पण भिडेचा दबाव असतो हे अभ्यासकांनी नोंदवले आहे आणि जाणती चर्चेसही मान्य करतात. म्हणून बैठकीत सरळ विचारा, की कुटुंबाला चर्चला बोलावण्याबाबत तुमचे काय ठरले आहे, जवळची मशीद कुठे आहे आणि हलाल मांस कुठे मिळते हे त्यांना पहिल्या आठवड्यात कोण दाखवणार आहे, आणि चर्चच्या पत्रिकेत त्यांचे फोटो छापण्यापूर्वी परवानगी कोण, कोणत्या भाषेत घेणार आहे. या प्रश्नांना गट कसा सामोरा जातो ते पाहिले की त्याची जात कळेल. उत्तरे टाळली गेली, तर तुम्ही त्या गटात नसलेल्या बऱ्या. उत्तरे नीट मिळाली, तर समितीत एक ख्रिस्ती नसलेली बाई बसलेली असणे हेच त्या कुटुंबाला मोठे संरक्षण आहे. आणि एक सूचना तुमच्यासाठीही. तुम्ही उत्साहाने त्यांना आपल्या गणपतीच्या आरतीला बोलवाल, तेव्हा हीच भीड तिथेही काम करेल. पहिले सहा महिने कोणालाच कुठे बोलावू नका. त्यांनी बोलावले तर चहाला जा.

"आपल्यांना मदत करा" हा दुसरा आक्षेप मी उडवून लावणार नाही. या व्यवस्थेत गटाला आपण कोणाला आणणार हे नाव घेऊन सांगता येते, आणि अनेक समुदायांनी आपल्या माणसांसाठी हेच केले आहे. काबूलच्या शोरबाजारातील गुरुद्वारावर 25 मार्च 2020 रोजी झालेल्या हल्ल्यात 25 माणसे मारली गेली. 2022 च्या जूनमध्ये कार्ते परवान गुरुद्वारावर हल्ला झाला. अफगाण शीख आणि हिंदूंना कॅनडात आणण्यासाठी कॅलगरीच्या मनमीतसिंग भुल्लर फाउंडेशनने आणि तिथल्या शीख समाजाने वर्षानुवर्षे कष्ट घेतले आहेत. तेव्हा मंडळातल्या ज्या गृहस्थांनी हा मुद्दा काढला, त्यांना आदराने विचारा, "सही कोण करणार? पैसे किती जमवायचे? घर कोण शोधणार?" त्यांनी वही काढली, तर फारच उत्तम, दोन कामे एकमेकांच्या आड येत नाहीत. मात्र एवढे त्यांना सांगून ठेवा, की पाच नागरिकांनी मिळून थेट अर्ज करण्याचा जो मार्ग होता, तो 29 नोव्हेंबर 2024 पासून सरकारने नव्या अर्जांसाठी थांबवला, आणि कायम करार असलेल्या संस्थांनाही दरवर्षी ठरावीक कोटाच मिळतो. म्हणून हालचाल करण्यापूर्वी सध्याची स्थिती इमिग्रेशन खात्याकडून पाहून घ्यावी आणि एखाद्या करारधारक संस्थेशी बोलावे. वही निघालीच नाही, तर तो मुद्दा कशासाठी काढला होता हे तुम्हाला आपोआप कळेल. आणि समोरचे कुटुंब मुसलमान आहे म्हणून त्याची निकड कमी होत नाही. कागदपत्रे नसलेल्या अफगाणांना देशाबाहेर काढण्याची मोहीम पाकिस्तानने 2023 च्या शरदात सुरू केली, तेव्हा कोण कोणत्या पंथाचा हे पाहून गाड्या भरल्या नव्हत्या.

तुमच्या यजमानांचे म्हणणे तुम्ही पत्रात थोडे कंजूषपणाचे म्हणून रंगवले आहे. ते मला पटले नाही. बहिणीच्या मुलांच्या फीची जबाबदारी ते मनापासून निभावतात, आणि ज्याच्यावर गावाकडचे डोळे लागलेले असतात त्याला नव्या जबाबदारीची धास्ती वाटणारच. अशा कामाचा खर्चही लहान नसतो : एका व्यक्तीसाठीही गटाला वर्षाला सोळा हजार डॉलरच्या वर तजवीज दाखवावी लागते, आणि पाच माणसांच्या कुटुंबासाठी तो आकडा कितीतरी मोठा असतो. मात्र तो सगळ्या गटाचा मिळून असतो, आणि घर, फर्निचर, कपडे अशा वस्तुरूपाने दिलेल्या गोष्टीही काही प्रमाणात त्यात धरल्या जातात. तेव्हा भांडण तत्त्वावर नेऊ नका. दोघांनी बसून दरमहा किती देता येईल हा आकडा काढा, भारतात पाठवायच्या रकमेला हात लावायचा नाही हे आधीच ठरवा, आणि आकडा शून्य निघाला तर गटाला तसे स्पष्ट सांगा. तुमच्याकडून त्यांना जे खरोखर हवे आहे ते पैसे नव्हेतच. मात्र नवऱ्याला न सांगता स्वतःच्या पगारातून काही देऊ नका. अशी गोष्ट लपत नाही, आणि उघडी पडली की राग निघतो तो त्या कुटुंबावर.

सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा त्यांना वळिवड्याबद्दल विचारा. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियातून सुटलेल्या पोलिश निर्वासितांची छावणी कोल्हापूरजवळ वळिवडे येथे 1943 ते 1948 या काळात होती. सुमारे पाच हजार लोक, बहुतेक बायका आणि मुले. त्यांच्या शाळा, त्यांचे चर्च, त्यांची दुकाने सगळे तिथेच होते, आणि कोल्हापूरच्या जुन्या घरांतून त्या गोऱ्या बायकांच्या गोष्टी अजून ऐकायला मिळतात. सासूबाईंच्या आईवडिलांनी काहीतरी सांगितलेले असण्याची शक्यता बरीच आहे. त्यांचे मत लगेच बदलेल असे नाही, आणि बदलायलाच हवे असेही नाही. घरी कोण येणार, कधी येणार, हे त्यांना आधी सांगितले जाईल एवढा शब्द द्या. बहुतेक वेळा ज्येष्ठांची तक्रार माणसांबद्दल कमी आणि न विचारल्याबद्दल जास्त असते.

आता सही. इथे मी तुम्हाला थांबवणार आहे. हमीपत्र म्हणजे वर्गणीची पावती नव्हे. कुटुंब उतरल्यापासून बारा महिने, किंवा ते त्याआधी स्वतःच्या पायावर उभे राहिले तर तोपर्यंत, त्याचे भाडे, जेवणखाण, कपडे आणि मार्गदर्शन यांची कायदेशीर जबाबदारी सह्या करणाऱ्यांवर असते. काही खास प्रकरणांत ही मुदत वाढून छत्तीस महिन्यांपर्यंत जाते. गटातले दोघे गाव सोडून गेले, एकाची नोकरी गेली, तरी जबाबदारी उरलेल्यांवर राहते. म्हणून शेजारणीला विचारा, की हा गट कोणत्या करारधारक संस्थेच्या छत्राखाली आहे, माझे नाव नेमक्या कोणत्या कागदावर, कोणत्या नात्याने जाणार आहे, पैसे आधीच बँकेत जमा आहेत की वर्षभर गोळा करायचे आहेत, आणि कुटुंब यायच्या आधी मी बाहेर पडले तर काय. एवढे विचारल्याने कोणी दुखावणार नाही. मेनोनाइट मंडळी हिशेबाला पक्की असतात. उलट त्यांना बरे वाटेल. आणि सही न करताही स्वयंसेवक म्हणून काम करता येते, हे तुम्हाला कोणी सांगितलेले दिसत नाही. घरात एकमत नसताना, पहिल्याच वर्षी, तुम्ही सही करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

खरे काम उर्दूचे आहे, आणि त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेले नाही. आपल्याला हिंदी येते म्हणजे झाले, असे तुम्हाला वाटत असावे. रोजच्या बोलण्यापुरते ते खरेही आहे. एका प्रायोजक गटाने किती मायेने घर लावले होते ते मला माहीत आहे : फ्रिज चीज, दूध आणि गोठवलेल्या पिझ्झाने भरलेला, कपाटात मॅकरोनीची पाकिटे रचलेली, दारात मुलांचे बूट मापाने मांडलेले. आलेल्या बाईने सगळे पाहिले, आभार मानले, आणि दोन दिवसांनी, उर्दू कळणारी एक शेजारीण आल्यावर, हळूच विचारले, की चहाची पत्ती, कणीक आणि प्रेशर कुकर कुठे मिळेल. ही चौकशी इंग्रजीत झाली असती तर ती झालीच नसती. अशा ठिकाणी तुमचा उपयोग सोन्यासारखा आहे. पण त्याच भाषेच्या जोरावर लोक तुम्हाला दवाखान्यात, शाळेत, वकिलाकडे, नवराबायकोच्या भांडणात, सगळीकडे दुभाषी म्हणून बसवतील, आणि तिथे मात्र तुम्ही नाही म्हणायला शिकले पाहिजे. ज्या बाईला छळाबद्दल, गर्भपाताबद्दल किंवा नवऱ्याबद्दल डॉक्टरशी बोलायचे आहे, तिला घरभाडे देणाऱ्या गटातली माणसे शेजारी नकोत. कितीही भली असली तरी नकोत. इस्पितळांना आणि निर्वासितांसाठी काम करणाऱ्या सेवासंस्थांना व्यावसायिक दुभाषी मिळवता येतात, फोनवरूनही. शिवाय घरात ते कदाचित दरी किंवा पश्तो या अफगाण भाषा बोलत असतील, आणि दुःख माणूस मातृभाषेतच सांगतो. गटाला हे पहिल्याच बैठकीत समजावून द्या : मी बाजार दाखवीन, शाळेची चिठ्ठी वाचून सांगेन, पण डॉक्टर, पोलीस आणि कोर्ट यांच्या वेळी बाहेरचा दुभाषी बोलवायचा. आणि तुम्हाला त्या घरात जे कळेल ते गटाच्या बैठकीत सांगायचे नाही, मंडळात तर मुळीच नाही. त्या बाईने तुम्हाला जाऊबाईसारखे काही सांगितले, तर ते तुमच्यापाशीच राहिले पाहिजे.

पैशांबाबतही एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. मासिक रक्कम कुटुंबाच्या स्वतःच्या बँक खात्यात गेली पाहिजे आणि कार्ड त्यांच्याच हातात राहिले पाहिजे. काही गटांत चांगल्या हेतूने कोणीतरी खजिनदार किराण्याच्या पावत्या मागू लागतो, मग "एवढा महाग फोन कशाला" अशी चर्चा सुरू होते. फोनवरूनच ते काबूलला राहिलेल्या आईशी बोलतात, हे त्या चर्चेत कोणाच्या लक्षात येत नाही. तुमच्या लक्षात येईल. तुम्हीही रविवारी सकाळी तेच करता.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. ते उभे राहिले नाहीत तर दोष तुमचा नाही, पण "उभे राहणे" म्हणजे काय याची तुमची कल्पना मला तपासावीशी वाटते. बाराव्या महिन्याच्या शेवटी नवऱ्याला पूर्ण वेळ नोकरी, बायकोला इंग्रजी आणि मुलांना चांगले गुण, हे चित्र मनात धरून गट कामाला लागतो. सरकारच्याच पाहणीत दिसून आले आहे, की गटांनी आणलेल्या निर्वासितांना पहिल्या वर्षात नोकरी मिळण्याचे प्रमाण सरकारने आणलेल्यांपेक्षा जास्त असते. परंतु पाच माणसांचे कुटुंब तेराव्या महिन्यात प्रांताच्या सामाजिक साहाय्यावर गेले, तर त्यात कोणाचीही लाज जाण्याचे कारण नाही, ती त्यांच्या हक्काची सोय आहे. दुसरे असे, की ते वॉटरलू सोडून मिसिसागाला किंवा कॅलगरीला निघून जाऊ शकतात, कारण तिथे त्यांचा चुलत भाऊ आहे, मशीद मोठी आहे, ओळखीचे दुकान आहे. तसा त्यांना पूर्ण अधिकार आहे. गटातल्या लोकांना अशा वेळी फसवल्यासारखे वाटते, आणि तुम्हालाही वाटेल. पण पुण्याहून निघताना तुम्ही तरी ज्या शहरात मराठी माणसे आहेत असे कळले तिथेच घर पाहिले होते ना?

यश-अपयशाचा हिशेब मांडण्यापेक्षा ज्या गोष्टी मुदतीत केल्या नाहीत तर खरोखर नुकसान होते त्यांवर लक्ष ठेवा. पहिल्या आठवड्यात हेल्थ कार्ड, सोशल इन्शुरन्स नंबर, मुलांच्या भत्त्याचा अर्ज आणि शाळा. मागे राहिलेले कोणी असेल, म्हणजे नवरा, बायको किंवा अवलंबून असलेले मूल, तर त्याच्यासाठीचा अर्ज उतरल्यापासून एका वर्षाच्या आत गेला पाहिजे, आणि निघण्यापूर्वी त्याचे नाव कागदोपत्री नोंदवलेले असले पाहिजे. ही मुदत हुकली की पुढची वाट अनेक वर्षांची आणि खर्चाची होते, आणि आईवडील व भावंडे या सवलतीत बसत नाहीत हेही त्यांना वेळीच सांगावे लागते. विमानभाडे बहुतेकांना सरकारी कर्जातून मिळते. फेब्रुवारी 2018 पासून त्यावर व्याज नाही, पण परतफेड वर्षभराने सुरू होते, म्हणजे गटाचा आधार संपतो नेमका तेव्हाच. तो हप्ता महिन्याच्या खर्चात धरायला त्यांना आधीपासून शिकवा.

तेव्हा माझा सल्ला असा : पुढच्या बैठकीला जा, पतींनाही सोबत न्या, वरचे प्रश्न विचारा, सही या वर्षी करू नका, आणि दोनच कामे अंगावर घ्या. एक, कुटुंब येण्याच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघर तुम्ही लावा. दुसरे, आठवड्यातून एक ठरलेली दुपार त्या बाईसाठी राखून ठेवा, आणि ती दुपार ठरलीच आहे हे सासूबाईंना आजच सांगा.